पंप बंद पडला तर?



पालघरजवळच्या सातपाटी बंदरात कधी गेलात, तर तेथील यांत्रिक होड्यांकडे जरा निरखून पाहा. इंजिन सुरू झाले की अनेक होड्यांच्या बाजूने पाण्याची एक धार समुद्रात पडू लागते. नवख्या माणसाला वाटते, होडीत शिरलेले पाणी बाहेर टाकीत असतील. पण तसे नसते. ते समुद्राचेच पाणी असते. एक लहानसा पंप ते आत ओढून घेतो, इंजिनाभोवती फिरवतो आणि तापलेले पाणी पुन्हा समुद्रात सोडून देतो. अनुभवी तांडेलाचे लक्ष जसे वाऱ्याकडे असते, तसेच या धारेकडेही असते. धार बारीक झाली किंवा तुटली, की तो आधी इंजिन बंद करतो आणि मग काय बिघडले ते पाहतो.

आता विचार करा. बिघडला आहे तो पंप. इंजिन तर धडधाकट आहे. मग इंजिन का बंद करायचे?

हाच प्रश्न आपण या लेखात तीन ठिकाणी विचारणार आहोत: सातपाटीच्या होडीत, टेबलावरच्या संगणकात, आणि बोईसरच्या पश्चिमेला समुद्रकाठी उभ्या असलेल्या तारापूरच्या अणुवीज केंद्रात. पहिल्या दोन ठिकाणी उत्तर एकच येईल. तिसऱ्या ठिकाणी मात्र ते अगदी वेगळे येईल, आणि ते का वेगळे येते हे समजले, की या लेखाचे काम झाले.

पाणी हा उष्णतेचा हमाल

पंप स्वतः काहीही थंड करीत नाही, हे प्रथम लक्षात घ्या. थंड करण्याचे काम पाणी करते. तेही उष्णता नाहीशी करीत नाही, फक्त एका जागेवरून उचलून दुसरीकडे नेऊन टाकते. पाणी हा उष्णतेचा हमाल आहे आणि पंप या हमालाला सतत चालते ठेवतो.

या कामासाठी पाण्याचीच निवड का? एक ग्रॅम पाण्याचे तापमान 1 अंश सेल्सियसने वाढवायला सुमारे 4.2 ज्यूल उष्णता लागते. एक ग्रॅम तांब्याला यासाठी जेमतेम 0.4 ज्यूल पुरते. म्हणजे सारख्याच वजनाच्या तांब्यापेक्षा पाणी दहापट उष्णता पोटात घेते आणि तरी तितकेच तापते. हवेशी तुलना केली तर फरक आणखी मोठा दिसतो. एक लिटर पाणी 1 अंशाने तापताना 4,200 ज्यूल उष्णता घेते. एक लिटर हवेचे वजन सव्वा ग्रॅमच्या आसपास. ती 1 अंशाने तापताना सव्वा ज्यूलही धड घेत नाही. म्हणूनच जेथे थोड्या जागेतून पुष्कळ उष्णता काढायची असते, तेथे पंख्याचा वारा पुरा पडत नाही आणि पाण्याला बोलवावे लागते.

हिशेबाचा नियम सोपा आहे:

वाहून नेलेली उष्णता = पाण्याचे वजन × 4.2 × तापमानातील वाढ

वजन ग्रॅममध्ये आणि तापमान अंश सेल्सियसमध्ये घेतले, की उत्तर ज्यूलमध्ये येते. हा नियम हाताशी ठेवा. संगणकापासून अणुभट्टीपर्यंत तोच आपल्या उपयोगी पडणार आहे.

संगणकाच्या पोटातले पाणी

विजेवर चालणारे यंत्र आणि त्याच्या पोटात पाणी, हे ऐकून तुम्हाला नवल वाटेल. पण ही कल्पना नवी नाही. 1980 साली जाहीर झालेल्या आयबीएम 3081 या मोठ्या संगणकातील चकत्यांची उष्णता थंड पाणी फिरवून काढीत असत. आपल्याकडे पुण्याच्या ‘आयसर’ या संस्थेत बसवलेल्या ‘परम ब्रह्म’ या महासंगणकातही पाण्यासारख्या द्रवाने थेट उष्णता काढून घेण्याची सोय आहे. आता चित्रपटांचे संकलन करणारे किंवा मोठमोठे खेळ खेळणारे लोक घरच्या संगणकातही अशी व्यवस्था बसवून घेतात.

संगणकाचे मुख्य गणित जी चकती करते, तिला प्रोसेसर म्हणतात. ती साधारण पोस्टाच्या तिकिटाएवढी असते. जोरात काम करताना अशी चकती 100 वॅट, काही वेळा त्याहूनही जास्त उष्णता बाहेर टाकते. जुन्या पद्धतीचा 100 वॅटचा दिवा पेटलेला असताना त्याला बोट लावता येत नसे. तितकी उष्णता तिकिटाएवढ्या जागेतून काढायची आहे.

यासाठी प्रोसेसरवर तांब्याचा एक पोकळ ठोकळा घट्ट बसवतात. त्याच्या आतून पाणी वाहते. तापलेले पाणी नळीने रेडिएटरकडे जाते. तेथे पातळ पत्र्यांच्या जाळीतून पंख्याचा वारा खेळत असतो. निवालेले पाणी एका लहान टाकीत येते, टाकीतून पंपात, आणि पंपातून पुन्हा ठोकळ्यात. होडी आणि संगणक यांतला फरक पाहा. होडीत रोज नवे पाणी येते आणि जाते. संगणकात तेच ते पाणी गोल फिरत राहते.

पंप मिनिटाला एक लिटर पाणी फिरवतो असे समजू. म्हणजे सेकंदाला सुमारे 17 ग्रॅम. चकती सेकंदाला 100 ज्यूल देते. मग 100 भागिले (17 × 4.2), म्हणजे ठोकळ्यातून जाताना पाणी फक्त 1.4 अंशाने तापते. इतक्या थोड्या पाण्याने केवढे काम झाले पाहा!

आता पंप बंद पडला असे समजा. ठोकळ्यात आणि त्याच्या लगतच्या नळीत मिळून 50 ग्रॅम पाणी अडकून राहिले. ते 1 अंशाने तापायला 50 × 4.2 म्हणजे 210 ज्यूल लागतात, आणि चकती ते 2 सेकंदांच्या आसपास देऊन टाकते. पाणी 40 अंशांवर असेल तर 90 अंशांवर पोहोचायला फक्त 105 सेकंद, म्हणजे पावणेदोन मिनिटे लागतील. चांगला संगणक अशा वेळी आपला वेग आपणच कमी करतो आणि तेवढ्याने भागले नाही तर स्वतःला बंद करून घेतो. सातपाटीचा तांडेल जे करतो, तेच!

पंप मेला की नुसता अडला?

संगणक सुरू केल्यावर मिनिटा-दोन मिनिटांत आपोआप बंद पडू लागला, तर लगेच पंप बदलायला धावू नका. आधी तपासा.

पंपावर हलकेच बोट टेकवा. चालू पंपाची बारीक थरथर बोटाला कळते. ठोकळ्याकडे जाणाऱ्या आणि तेथून निघणाऱ्या नळ्यांना हात लावून पाहा. पाणी फिरत असेल तर दोन्ही जवळजवळ सारख्याच कोमट लागतात. आपल्या गणितात फरक दीड अंशाचाच होता, नाही का? एक नळी ठोकळ्याजवळ गरम आणि बाकी सारे गार असेल, तर पाणी थांबले आहे हे नक्की.

पण पाणी थांबण्याची कारणे चार असू शकतात. पहिले, पंपाची विजेची तार सैल झाली असेल. दुसरे, नळी कोठेतरी दुमडली असेल. तिसरे, ठोकळ्याच्या आतल्या बारीक खाचांत गाळ बसला असेल. चौथे, पंपाने हवा धरली असेल. हे चौथे कारण डहाणू-घोलवडच्या चिकूच्या वाडीत राहणाऱ्या मुलांना समजावून सांगायला नको. विहिरीवरच्या पंपात हवा शिरली की मोटर गरगर फिरते, पण पाणी वर येत नाही. मग पंपात वरून पाणी ओतून हवा काढावी लागते. संगणकातला पंपही जातीने त्याचाच धाकटा भाऊ आहे. दोघांतही पात्यांचे एक चाक, म्हणजे इम्पेलर, फिरते आणि पाण्याला बाहेरच्या बाजूस फेकते. हवा पाण्यापेक्षा आठशे पटीने हलकी. ती फेकली तरी तिचा जोर तो किती येणार?

ही चारही कारणे नाहीत आणि पंप तरीही गप्पच आहे, असे दिसले तरच तो बदलायचा.

पंप बदलताना

हे काम तुमच्या घरी निघाले तर मोठ्या माणसाबरोबर करा आणि प्रत्येक पायरीचे कारण समजून घ्या. काही संगणकांत पंप, नळ्या आणि रेडिएटर कारखान्यातूनच एकत्र सीलबंद करून येतात. तो संच उघडायचा नसतो. पुराच बदलायचा असतो. आपण येथे सुट्या भागांच्या व्यवस्थेचा विचार करीत आहोत.

1. संगणक बंद करून भिंतीतला प्लग काढा आणि पाणी निवू द्या. प्लग काढताच उष्णतेचा झरा आटतो. ही गोष्ट साधी वाटते, पण पुढे हिच्यासाठीच आपल्याला परत यायचे आहे.

2. टाकीचे झाकण उघडून सर्वांत खालच्या जोडापासून पाणी एका भांड्यात काढून घ्या. खाली जुना टॉवेल अंथरा. झाकण आधी का उघडायचे? वरून हवा आत आल्याखेरीज खालून पाणी धड बाहेर पडत नाही.

3. जुना पंप काढून त्याच्या इम्पेलरकडे पाहा. गंमत अशी, की या पंपाच्या मोटरचा दांडा कोठूनही बाहेर येत नाही. इम्पेलरलाच चुंबक जोडलेले असते आणि ते पाण्यात फिरते. तारेची वेटोळी भिंतीपलीकडे कोरडी असतात. चुंबकाची ओढ भिंतीतून पार जाते, पाणी मात्र जात नाही. विहिरीवरच्या पंपात दांडा जेथून बाहेर येतो तेथे थोडे तरी पाणी ठिबकते. येथे तसे एक थेंबही ठिबकून चालणार नाही.

4. नवा पंप टाकीच्या खालच्या पातळीवर बसवा, म्हणजे टाकीतले पाणी आपल्या वजनानेच पंपात भरून राहील. पाणी आत कोठून येते आणि बाहेर कोठून जाते याच्या खुणा पंपावर असतात. त्या उलट झाल्या तर सारा खटाटोप वाया जाईल.

5. भरायचे पाणी ऊर्ध्वपातित असावे आणि त्यात गंजरोधक द्रव्य असावे. किनाऱ्याकडच्या विहिरीचे मचूळ पाणी तर मुळीच नको. त्यातले क्षार खाचांत बसतात. शिवाय तांबे आणि ॲल्युमिनियम एकाच क्षारयुक्त पाण्यात आले, की प्रयोगशाळेतल्या विद्युतघटासारखा घट तयार होतो आणि ॲल्युमिनियम झिजू लागते.

6. पंप कोरडा चालवू नका. त्याच्या फिरत्या भागाला तेल नसते. पाणी हेच त्याचे वंगण. पाणी भरत भरत पंप थोडा थोडा चालवा आणि पेटी हळूच इकडेतिकडे कलती करा. अडकलेले बुडबुडे टाकीत येऊन फुटतील, टाकीतली पातळी उतरेल; मग आणखी पाणी घाला.

7. शेवटची पायरी सर्वांत महत्त्वाची. प्रत्येक जोडाखाली कोरडा कागद ठेवून, संगणकाच्या बाकी भागांना वीज न देता, नुसता पंप काही तास चालवा. सावध कारागीर तो एक दिवसभर चालू ठेवतात. कागद कोरडा राहिला तरच बाकीची वीज जोडा. कागदावरचा ओला डाग फुकटात सुधारता येतो, मदरबोर्डवरचा नाही.

या साऱ्या कामाला एक दुपार लागेल. तेवढा वेळ संगणक बंद राहिला तर काही बिघडत नाही. आता आपण बोईसरला जाऊ.

तारापूरची साखळी

विरारहून डहाणूकडे जाणाऱ्या गाडीने बोईसरला उतरले, की पश्चिमेला औद्योगिक वसाहत लागते आणि त्यापलीकडे समुद्रकाठी अणुवीज केंद्र. येथील पहिल्या दोन अणुभट्ट्या 1969 साली वीज देऊ लागल्या. भारतातले हे पहिलेच अणुवीज केंद्र. प्रत्येकीची क्षमता आरंभी 210 मेगावॅट होती, पुढे ती 160 मेगावॅट करण्यात आली. नंतर शेजारीच 540 मेगावॅटच्या दोन अणुभट्ट्या उभ्या राहिल्या. त्यांतली चौथी 2005 साली आणि तिसरी 2006 साली व्यापारी वीज देऊ लागली. या नव्या बांधणीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण या गावांतील लोकांना आपली घरे सोडावी लागली, हेही विसरता कामा नये.

पहिल्या दोन भट्ट्या उकळत्या पाण्याच्या जातीच्या आहेत. युरेनियमच्या अणूंचे विखंडन होऊन उष्णता निर्माण होते, आणि इंधनाच्या कांड्यांभोवतीचे पाणी भट्टीतच उकळते. तेथे दाब वातावरणाच्या सुमारे 70 पट असल्यामुळे पाणी 100 अंशांना न उकळता 285 अंशांच्या आसपास उकळते. ही वाफ टर्बाइन फिरवते. मग ती संघनकात येते. संघनकातल्या नळ्यांमधून समुद्राचे पाणी वाहत असते. वाफ त्या नळ्यांना बाहेरून स्पर्श करून निवते आणि तिचे पाणी होते; ते पाणी पंपाने पुन्हा भट्टीत जाते. समुद्राचे पाणी नळीच्या आत, भट्टीचे पाणी नळीच्या बाहेर. दोन्ही मिसळत नाहीत.

आता संगणकाचे चित्र आठवा. प्रोसेसरच्या जागी इंधनाच्या कांड्या, रेडिएटरच्या जागी संघनक, आणि पंख्याच्या वाऱ्याच्या जागी अरबी समुद्र! आकडे मात्र बदलतात. भट्टीत 500 मेगावॅट उष्णता निर्माण होते असे समजा. त्यातून 160 मेगावॅट वीज झाली, तर 340 मेगावॅट उष्णता समुद्रात सोडावी लागेल. समुद्राचे पाणी 8 अंशांनी तापू द्यायचे ठरवले, तर आपल्याच नियमाने सेकंदाला सुमारे 10 टन पाणी पंपांनी आणावे लागेल. संगणकात हाच आकडा सेकंदाला 17 ग्रॅम होता.

न विझणारे निखारे

मग येथे पंप बंद पडला तर? तुम्ही चटकन म्हणाल, भट्टी बंद करू. ते अगदी बरोबर आहे. नियंत्रक दांडे काही सेकंदांत भट्टीत शिरतात आणि विखंडनाची साखळी थांबते. पण उष्णता थांबत नाही!

असे का? चुलीतली लाकडे बाहेर ओढली तरी निखारे धगधगत राहतात, तसे काहीसे येथे होते. युरेनियमचा अणू फुटला की त्याचे जे तुकडे होतात, ते बहुतेक किरणोत्सर्गी असतात. ते आपल्या गतीने ऱ्हास पावत राहतात आणि प्रत्येक ऱ्हासाबरोबर थोडी उष्णता देतात. चुलीच्या निखाऱ्यांवर पाणी ओतून ते विझवता येतात. हे निखारे मात्र पाण्याने विझत नाहीत. पाणी फक्त त्यांची उष्णता नेऊ शकते. त्यांना विझवतो तो काळ.

ही उरलेली उष्णता किती असते? दीर्घकाळ चाललेली भट्टी बंद केल्याच्या क्षणी ती पूर्ण उष्णतेच्या 6 ते 7 टक्के असते. एका तासाने सुमारे दीड टक्का उरते, आणि एका दिवसाने अर्ध्या टक्क्याच्या आसपास. टक्केवारी लहान दिसते, पण 500 मेगावॅटचा दीड टक्का म्हणजे 7.5 मेगावॅट, म्हणजे एक किलोवॅटच्या साडेसात हजार विजेच्या शेगड्या!

30 अंशांचे एक किलो पाणी साध्या दाबाला उकळवून त्याची पूर्ण वाफ करायला सुमारे 25 लाख ज्यूल लागतात. म्हणजे बंद केलेल्या भट्टीतही, पाणी फिरले नाही तर, तासाभरानंतर दर सेकंदाला जवळजवळ 3 लिटर पाणी वाफ होऊन उडेल. तासाला दहा हजार लिटरांचा एक टँकर! दुसऱ्या दिवशीही दर सेकंदाला एक लिटर. पाणी आटून इंधनाच्या कांड्या उघड्या पडल्या तर त्या तापत तापत वितळू लागतील.

येथे संगणकाची आठवण करा. त्याचा प्लग काढला की उष्णता थांबली आणि आपण निवांत दुपारभर पंप बदलला. अणुभट्टीला असा प्लगच नाही. म्हणून तेथे पंप बंद पडल्यावर नवा आणण्याचा विचार करून चालत नाही. पंप बंद पडेल तेव्हा काय करायचे, हे भट्टी बांधण्याआधीच ठरलेले असावे लागते.

तीन उपाय

पहिला उपाय म्हणजे जोडीदार. एका कामाला एकाहून अधिक पंप, आणि बाहेरची वीज गेली तर डिझेलवर चालणारी जनित्रे. एक थांबला की दुसरा सुरू.

दुसरा उपाय जडत्वाचा. तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या भट्टीत इंधनाभोवती जड पाणी फिरवणारे प्रत्येकी चार मुख्य पंप आहेत. अशा पंपांच्या दांड्यावर जड गतिपालक चक्र बसवलेले असते. वीज गेली तरी ते चक्र एकदम थांबत नाही; हळूहळू मंदावते. शिवणयंत्राचे पायडल सोडले तरी चाक थोडा वेळ फिरत राहते ना, तसेच. उष्णता सर्वांत जास्त असते ती पहिल्या मिनिटांत, आणि नेमका तेवढाच वेळ हे चक्र पाणी ढकलत राहते.

तिसरा उपाय सर्वांत सुंदर आहे, कारण त्यात पंपच नाही. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्यांना आणीबाणीचा संघनक जोडलेला आहे. भट्टीपेक्षा उंचावर पाण्याने भरलेले मोठे पात्र असते आणि त्यात नळ्या बुडवलेल्या असतात. भट्टीतली वाफ हलकी, म्हणून ती आपणहून वर नळ्यांत जाते. तेथे निवून तिचे पाणी होते. पाणी जड, म्हणून ते आपणहून खाली भट्टीत उतरते. हे चक्र गुरुत्वाकर्षणाच्या जोरावर चालते, त्याला विजेची मोटर लागत नाही. तुमच्या गच्चीवर सौर बंब असेल तर हीच युक्ती तेथेही दिसेल. तापलेले पाणी नळ्यांतून वर टाकीत चढते आणि गार पाणी खाली येते, मध्ये पंप नसतो.

पण निसर्गाच्या भरवशावरही डोळे मिटून राहता येत नाही. 11 मार्च 2011 रोजी जपानमध्ये मोठा भूकंप झाला. फुकुशिमा दाइची येथील चालू अणुभट्ट्या ठरल्याप्रमाणे बंद झाल्या, बाहेरची वीज गेली, डिझेल जनित्रे सुरू झाली. सारे ठीक होते. मग तासाभराच्या आत त्सुनामीची लाट आली. जनित्रे आणि विजेची फलके पाण्याखाली गेली, पंप थांबले. तेथील पहिली भट्टी तारापूरसारखीच उकळत्या पाण्याच्या जातीची होती आणि तिलाही असाच पंपाविना चालणारा संघनक होता. पण लाट आली त्या वेळी त्याच्या झडपा मिटलेल्या होत्या, आणि वीज गेल्यामुळे झडपा उघड्या आहेत की मिटलेल्या हेच नियंत्रण कक्षात कळेना. पहिल्या तीन भट्ट्यांतले इंधन वितळले. संघनक उत्तम होता. अडले ते एका झडपेपाशी.

या घटनेनंतर भारतातल्या सर्व अणुवीज केंद्रांची फेरतपासणी झाली, आणि तारापूरसह इतर ठिकाणीही गरज पडल्यास बाहेरून नळ जोडून पाणी सोडता यावे, अशा जोडण्या बसवण्यात आल्या. पुढे 2020 साली तारापूरच्या पहिल्या दोन्ही भट्ट्या थांबवून पाण्याच्या अभिसरणाचे जुने नळ बदलण्याचे मोठे काम हाती घेण्यात आले. अशा कामाआधी भट्टीतले इंधन काढून पाण्याच्या खोल कुंडात ठेवावे लागते. आणि त्या कुंडाचे पाणी थंड ठेवायलाही पंप लागतोच! निखारे जेथे जातील तेथे हमालाने त्यांच्यामागे जायचे.

करून पाहा

काचेची एक लहान बाटली घ्या आणि तिच्या गळ्याला दोरा बांधा. मोठ्या माणसाकडून तिच्यात गरम पाणी ओतून घ्या व शाईचे चार-पाच थेंब टाका. काचेच्या मोठ्या बरणीत गार पाणी भरा. आता दोऱ्याने बाटली अलगद बरणीच्या तळाशी सोडा. रंगीत पाणी धुरासारखे वर चढताना दिसेल. मग हाच प्रयोग बाटलीत गार रंगीत पाणी घेऊन करा. या वेळी रंग बहुतेक बाटलीतच राहील. पहिल्या वेळी पाणी कोणी वर नेले? तारापूरच्या उंचावरच्या पात्राचे काम कसे चालते, हे तुम्हाला आता दिसले.

विचार करा

1. संगणकाच्या पंपाचा वेग निम्मा झाला, मिनिटाला अर्धा लिटर, तर 100 वॅटच्या चकतीवरून जाताना पाणी किती अंशांनी तापेल?

2. सौर बंबाची टाकी काचेच्या पेटीपेक्षा खाली ठेवली तर काय होईल?

3. होडीचा तांडेल इंजिन बंद करून निश्चिंत होतो. अणुभट्टीचा चालक भट्टी बंद करून निश्चिंत का होऊ शकत नाही? उत्तर एकाच वाक्यात लिहा.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर तुमच्या शब्दांत लिहून आधी गुरुजींना दाखवा, आणि मग घरी ज्याला विज्ञानाचा गंधही नाही अशा कोणाला तरी वाचून दाखवा. त्यालाही ते पटले, तर तुम्हाला हा धडा समजला.